पाव्हने, कोन गावचे?

हिंगणघाटहून वर्ध्याला जाणाऱ्या सकाळच्या मोटरची सुटायची वेळ ठरलेली होती. फक्त मोटरला ती कोणी सांगितली नव्हती. मोतीलाल ड्रायव्हरचा चहा होणार, मग तो हँडल मारणार, इंजिन दमेकरी म्हाताऱ्यासारखं खोकणार, आणि एवढं होऊनही गाडी हलणार नाही. कारण भागीरथाबाईचं टोपलं अजून टपावर चढलेलं नसे.

"अवं आत्या, चाल ना व लवकर!" कंडक्टर भैयाजी दारात लोंबकळत ओरडायचा.

"येऊन राह्यली ना रे बाप्पा! तुही मोटर का मले सोडून पळून चालली?"

आणि खरंच, ती सोडून जायची काय बिशाद होती मोटरची! भागीरथाबाई उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत. हिवाळ्यात संत्री, उन्हाळ्यात आंबे, मधल्या दिवसांत बोरं नाहीतर सीताफळं, जे मोसमाला असेल ते टोपल्यात भरून ती वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायची. नवरा प्रेमदास जिनिंगात कामाला होता. तो फार बोलत नसे, कारण घरातलं बोलण्याचं सगळं रेशन बायकोच उचलून बसलेली. एकोणीसशे अठ्ठावन्न साल असावं ते. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला पांढरे कपडे घालून दोघं नागपूरला गेली, बुद्धाची दीक्षा घेतली, आणि मान खाली घालून चालायची जुनी सवय भागीरथाबाई तिथंच कुठंतरी टाकून आली. प्रेमदास म्हणायचा, "मान वर झाली ते चांगलंच झालं, पन आवाजही वर गेला ना राजेहो!"

आता मोटरीतली गोष्ट सांगतो. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर पाटी रंगवलेली होती, 'स्त्रियांकरिता'. पाटी छान होती, अक्षर वळणदार होतं, आणि तिच्याखाली रोज दोन-तीन मिशीवाले पाय पसरून बसलेले असायचे. बायका दाराजवळ उभ्या. खड्डा आला की कोणाचं कोपर, कोणाचा गुडघा. काही हात असे होते की ब्रेक लागला म्हणून पुढच्या बाईवर पडायचे, आणि ब्रेक नाही लागला तरी पडायचे. बायका अंग चोरायच्या, पदर घट्ट करायच्या, खिडकीबाहेर बघायच्या. बोलणार कोण? बोललेल्या बाईलाच लोक वळून बघतात, हा आपल्याकडचा जुना न्याय. आग लागो त्या न्यायाला!

भागीरथाबाईनं यावर शोधलेला उपाय असा साधा होता की तो कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. आपल्याकडे प्रवासात भेटलेल्या माणसाला गाव विचारायची रीत आहे. पाव्हणे, कोण गावचे? विचारलं की सांगावंच लागतं. न सांगणारा एकतर चोर नाहीतर अडाणी. गाव सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, कोणाचे? हा दुसरा प्रश्न भागीरथाबाईला लहानपणापासून टोचत आलेला. माहेर अल्लीपूर म्हटलं की समोरचा हसून मान डोलवायचा. बापाचं नाव सांगितलं की जात कळून जरा सरकून बसायचा. नागपूरहून आल्यावर तिनं ठरवलं, लय झालं सांगून, आता आपण विचारायचं.

तिचं म्हणणं असं, की माणूस गावात असतो तेव्हा तो कोणाचा तरी लेक असतो, कोणाचा जावई असतो, चार डोळे त्याच्यावर असतात. मोटरीत चढला की तो बिनगावाचा होतो, आणि बिनगावाच्या माणसाचा हात कुठंही जातो. त्याला त्याचं गाव परत द्यावं, की हात आपोआप खिशात. म्हणून कोणी बायकांच्या बाकावर ठाण मांडलं की ही खणखणीत आवाजात विचारायची, "पाव्हने, कोन गावचे?" त्यानं देवळी म्हटलं की ही, "देवळीचे कोनाचे?" आणि दोन-चार गावं फिरून त्याला कोणाचातरी भाऊ, नाहीतर साडू करून सोडायची. बहिणी उभ्या असताना भाऊ बसून राहील कसा? उठायचा बिचारा. तिनं काढलेली नाती अर्ध्याहून जास्त वेळा साफ चुकीची असत. एकदा आर्वीच्या एका मास्तरला तिनं आपल्या मामाचा जावई केलं. तो म्हणाला, "अहो, माझं अजून लग्नच व्हायचंय." तर ही म्हणते, "मंग होईन तवा आमच्याकडंच कर!" सगळी मोटर हसली, आणि मास्तर लाजून उठला. भैयाजी कंडक्टर अल्लीपूरच्या शिवेलगतच्या गावचा, म्हणून तो तिचा भाचा झाला, आणि त्याच्यामागून हळूहळू सगळी मोटर तिला आत्या म्हणू लागली.

त्या हिवाळ्यात शरयू नावाची एक मुलगी रोज मोटरीत येऊ लागली. गिरणीच्या ऑफिसातले कारकून कृष्णकांत पुराणिक, त्यांची ही थोरली. वर्ध्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायची. खिडकीशी बसून पुस्तकात डोकं घालायची आणि उतरेपर्यंत वर काढायची नाही. शेजारी बसलेल्या भागीरथाबाईला एक दिवस दिसलं, की पोरीच्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं आहे.

"काय व पोरी हातात?"

"काही नाही."

"काही नाई कसं? केसातला आकडा हाय तो. कोनाले टोचतं?"

शरयूचे डोळे भरून आले. मागच्या बाकावरून रोज एक हात येतो, बाकाच्या फटीतून, असं तिनं हळूच सांगितलं. तेलकट केसांचा, रेशमी सदऱ्यातला एक माणूस. तिनं जागा बदलली की तोही बदलतो.

"मंग वरडली काऊन नाई?"

"ओरडले तर बाबांच्या कानावर जाईल. घरात सगळ्यांचा विरोध होता, बाबाच एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले. पण त्यांनी बजावलंय, मोटरीतला एक वेडावाकडा शब्द जरी कानावर आला तरी वर्धा बंद. मग मला मास्तरीण होता येणार नाही, आत्या."

भागीरथाबाईनं कपाळाला हात लावला. "हे बरं हाय! हात त्याचा, अन् घरी बसाचं तू!" मग जरा थांबून म्हणाली, "तो आकडा केसात ठेव. टोचला तं तो बोंबलते, अन् लोक तुह्याकडं पाह्यतात. हे काम तोंडाचं हाय, अन् तोंड माह्यापाशी हाय."

दुसऱ्या दिवशी तो रेशमी सदरा येऊन मागे बसला. नाका ओलांडून मोटर जरा पुढे गेली, तशी भागीरथाबाई बाकावर उलटी वळली, बाकाच्या पाठीवर हनुवटी टेकवली आणि थेट त्याच्या तोंडाकडे बघत बसली. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. ही बघतेच आहे. तो खोकला. ही बघतेच आहे.

"पाव्हने, कोन गावचे?"

तो रस्त्याकडच्या बाभळी मोजू लागला.

"तुमालेच इचारते जी! कोन गावचे?"

आता सगळी मोटर वळली. तोंड उघडणं भाग होतं. खरं गाव सांगावं तर पंचाईत. म्हणून रस्त्याकडचं जे नाव पहिलं आठवलं ते त्यानं ठोकून दिलं.

"अल्लीपूर."

आणि इथं मौज अशी झाली, की भागीरथाबाई क्षणभर खरोखरच हरखली. कशासाठी उलटी बसली होती तेच विसरली. माहेरच्या कुत्र्याचंही कौतुक असतं बाईला. "अव माय! माह्या माहेरचा मानूस! अल्लीपूरचे कोनाचे?"

"पाटलांचे," तो पुटपुटला.

"कोनत्या? पाराजवळच्या का वेशीजवळच्या?"

"पाराजवळच्या."

"म्हंजे भिवाजी पाटलाचे! बुढी कशी हाय तुमची?"

"बरी आहे."

"जेवते का?"

"जेवते ना."

"अन् डोयानं दिसते का?"

"सगळं दिसतं." आता तो जरा सैल झाला होता. सुटलो, असं वाटलं असावं त्याला.

भागीरथाबाई ताडकन उभी राहिली आणि मोटरीकडे तोंड करून म्हणाली, "ऐकलं का हो? भिवाजी पाटलाची बुढी जेवून राह्यली! तिले जाऊन दोन पोळे झाले, तेरवीचे लाडू म्या सोता खाल्ले! यानं मेलेली बुढी उठवून बसवली!"

असा हशा झाला, की मोतीलालला मोटर रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. डोळ्यांत पाणी आल्यावर दिसेल कसं? मागे कोणीतरी म्हणालं, "अरे, इचारा याले, बुढी वर काय खाते?" रेशमी सदऱ्याचे कान लालबुंद. त्याच्याजवळ तिकीट वर्ध्याचं होतं, पण वायगाव येताच तो उतरला. भागीरथाबाईनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सांगितलं, "बुढीले इचारलं म्हनून सांगजो!" तो परत त्या मोटरीत दिसला नाही.

शरयू त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून, तोंडावर पदर धरून वर्ध्यापर्यंत हसत होती. भागीरथाबाईला वाटलं, झालं आपलं काम.

पण झालं कुठलं! असा किस्सा मोटरीत मावतो होय? त्या बुवाला का धरला तेही भैयाजीनं आत्याकडून काढून घेतलं आणि किस्सा चहाच्या हॉटेलात सांगितला, तिथून तो पानठेल्यावर गेला, आणि संध्याकाळच्या आत मेलेली बुढी सगळ्या हिंगणघाटात जेवून आली. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या ऑफिसात कोणीतरी हसत हसत सांगितलं, "सकाळच्या मोटरीत एक बदमाश कोण्या शिकणाऱ्या पोरीच्या मागे लागला होता म्हणे, तर त्या संत्रेवालीनं..." पुढचं कृष्णकांतांनी ऐकलंच नाही. सकाळच्या मोटरीनं जाणारी शिकणारी पोरगी म्हणजे त्यांची शरयूच होती.

माणूस वाईट नव्हता हो. सज्जन होता, आणि म्हणूनच घाबरला होता. घरी ते काही बोलले नाहीत, लेकीला काही विचारलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघू, असं ठरवून त्यांनी ऑफिसात रजा टाकली. आणि मनातून तर वर्धा बंदच करून टाकलं होतं. सकाळी शरयू स्टँडवर मोटरीत बसली, आणि हे पुढच्या जिनिंगच्या नाक्यावर चढले. लेकीनं ओळखू नये म्हणून टोपी कपाळावर ओढलेली, मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. थंडीचे दिवस, कोणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

पण भागीरथाबाईला वाटलं. तिनं या गृहस्थांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच: तोंड बांधलेला एक माणूस मोटरीत जागा रिकामी असताना बसत नाही, बायकांच्या बाकामागे दांडा धरून उभा राहतो, मान लांब करून करून शरयूकडेच बघतो, आणि ब्रेक लागला की पुढे कलंडतो. शरयू कानावर शाल घेऊन पुस्तकात बुडालेली. तिला गंधवार्ता नाही.

'एक गेला नाई तं दुसरा आला,' भागीरथाबाई मनात म्हणाली, आणि बाकावर उलटी वळली.

"पाव्हने, कोन गावचे?"

कृष्णकांतांनी मान फिरवली. आवाज ओळखला जाईल म्हणून बोलायची सोय नव्हती.

"तोंड काऊन बांधलं? गालफुगी झाली का?"

मोटर हसली. परवाचा खेळ आज पुन्हा लागला म्हणून मागचे लोक सावरून बसले, आणि शरयूनं मागे न बघता शाल कानावर आणखी घट्ट ओढली.

"वर्ध्याला... कामाला निघालोय," ते मफलरातूनच कसेबसे बोलले.

"काम तं सारी मोटर पाहून राह्यली! डोये कुठं हायेत ते दिसते आमाले. घरी लेक हाय का नाई तुमच्या?"

"आहे!" हा शब्द मात्र जोरात आला.

"लेक असून असं? लाज वाटू द्या! सांगा, कोन गावचे?"

"हिंगणघाट."

"हिंगणघाटचे कोनाचे?"

आणि नेमकं तेव्हाच रस्त्यात म्हैस आली. मोतीलालनं करकचून ब्रेक लावला, आणि कृष्णकांत सगळेच्या सगळे पुढे आले. एक हात बाकाच्या पाठीवर, दुसरा थेट शरयूच्या खांद्यावर.

"धर रे भैया याले!" भागीरथाबाई कडाडली.

भैयाजीनं सदऱ्याची कॉलर धरली, मागच्या कोणीतरी दंड धरला, टोपी खाली पडली, मफलर सुटला. कृष्णकांत पुराणिकांना आजवर कोणी 'कोणाचे' विचारलं, की ते छाती पुढे काढून आजोबांचं नाव सांगायचे. शास्त्रीबुवांचा नातू, एवढं म्हटलं की हिंगणघाटात लोक जागा द्यायचे. आज त्यांना ना आजोबा आठवले, ना वडील. ते जीव खाऊन ओरडले, "शरयूचा! मी शरयूचा बाप आहे हो! बाप!"

"बाबा!" शरयू उभी राहिली. पुस्तक खाली पडलं.

भागीरथाबाईनं जीभ चावली. तिच्या उभ्या आयुष्यात ती गप्प झाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, ते त्या मोटरीनं पाहिलं. भैयाजीनं कॉलर सोडली आणि तिची चुरगळलेली टोकं हातानं सारखी करायला लागला. म्हैस शांतपणे रस्ता ओलांडून गेली.

"मंग पयलेच सांगाचं ना जी!" शेवटी भागीरथाबाईच म्हणाली. कोणीतरी फिसकन हसलं आणि दाबलं. कृष्णकांत हसले नाहीत. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, आणि दांडा धरून तसेच उभे राहिले. शरयूचा चेहरा पांढराफटक पडला होता. वर्धा बंद झालं, हे तिला बापाच्या गप्प बसण्यातून कळलं होतं, आणि तिच्याकडे बघून भागीरथाबाईला. किस्सा गावभर झाला तो आपल्याच तोंडापायी, हे आता तिच्या लक्षात आलं.

"भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज म्हणजे चार बाकांपर्यंत जाईल एवढाच, "मले काय बोलाचं ते बोला. पन पोरीचं काही चुकलं नाई. हात दुसऱ्याचा होता. अन् आता पाह्यलं ना तुमी, तिच्या सख्ख्या बापाचा हात लागला तरी या मोटरीनं त्याची कालर धरली."

वायगाव आलं, वायगाव गेलं. एरवी हॉर्न वाजवत जाणारा मोतीलालही मुकाट गाडी हाकत होता.

वर्ध्याच्या स्टँडवर मोटर लागली. भैयाजीनं टपावरून टोपलं खाली सोडलं. भागीरथाबाई हात वर करून उभी होती, तर बाजूनं आणखी दोन हात आले आणि त्यांनी टोपल्याची दुसरी कड धरली. कृष्णकांत होते. दोघांनी मिळून टोपलं जमिनीवर ठेवलं. शरयू चार पावलांवर पुस्तकं छातीशी धरून उभी.

कृष्णकांतांनी घसा साफ केला. "बाई, तुम्ही कोण गावच्या?"

भागीरथाबाईचं अंग ताठ झालं. हा प्रश्न तिला नवा नव्हता, आणि याच्या मागून काय येतं तेही. "माहेर अल्लीपूर," ती म्हणाली आणि त्यांच्या डोळ्याला डोळा लावून उभी राहिली. विचार आता, कोणाच्या. सांगते की!

कृष्णकांतांचं तोंड उघडलं. दुसरा प्रश्न जिभेवर आलाच होता. जन्मभराची सवय, ती काय अशी जाते? पण ते थांबले. कॉलरवरून एकदा हात फिरवला.

"अल्लीपूर?" ते म्हणाले. "माझी आई अल्लीपूरची. म्हणजे तुम्ही माझ्या मामाच्या गावच्या. मावशीच म्हणायला हवं तुम्हाला."

"मावशी? अन् म्या तुमच्याहून लहान असन जी!"

"बरं, मग मामेबहीण." आता कुठं त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. ते लेकीकडे वळले. "शरयू, संध्याकाळी येताना आत्याच्या शेजारी बस. उद्यासुद्धा. मला काही रोज रजा मिळायची नाही."

शरयूला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती दोन्ही करत ट्रेनिंगच्या रस्त्याला लागली.

भागीरथाबाईनं अर्ध्या जिल्ह्याशी नाती जोडली होती, पण सगळी तिनंच पुढं होऊन, ओढून ताणून. तिच्याशी नातं काढायला आजवर कोणी आलं नव्हतं. तिनं पदरानं नाक पुसलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि बाजाराकडे चालू लागली. स्टँडच्या फाटकाशी पोचल्यावर मात्र ती टोपल्यासकट गर्रकन वळली, आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"भैया! याईच्या सदऱ्याची कालर फाटली अशीन तं पाह्य रे नीट! माहा भाऊ हाय तो!"